डहाणू मतदारसंघ गेला, सातबारा अजून बाकी

(कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या बोलण्याचा मजकूर. ज्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावा.)



आजचा विषय आपला डहाणू लोकसभा मतदारसंघ. तो आता नाही. १९६७ साली त्यात पहिली निवडणूक झाली, २००४ साली शेवटची. २००८ च्या फेब्रुवारीत नव्या रचनेचा आदेश निघाला आणि डहाणू हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं. येत्या निवडणुकीत आपण 'पालघर' नावाच्या मतदारसंघात मत देणार आहोत.

कुणी म्हणेल, नाव बदललं तर बदललं, आपल्या प्लॉटला त्याचं काय? म्हणूनच हा विषय घेतला. वनहक्काचे दावे आपण गेलं वर्षभर भरतोय. त्याच वेळी पुढारी मतं मागायला पाड्यावर येणार. दावा आणि मत, दोन्ही कागदं एकाच हातातली आहेत. या मतदारसंघातून दिल्लीला कोण गेलं, त्या त्या वेळी आपल्या जमिनीचं काय झालं, हे एकदा ओळीनं मांडून बघितलं पाहिजे. त्याशिवाय दारात आलेल्या माणसाला काय विचारायचं ते कळणार नाही.

मताच्या आधीची गोष्ट

आपल्या आजोबा-पणज्यांना मत नव्हतं. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यानं मुंबई इलाख्याची विधानसभा झाली. तिच्यात जागा होत्या १७५. त्यातली मागास भाग आणि जमातींसाठी जागा किती? एक. सबंध इलाख्यात एक. जमीनदारांना २ जागा, व्यापार-उद्योगाला ७. मत द्यायलाही मिळकत नाहीतर शिक्षण लागायचं. वेठ करणाऱ्याकडं दोन्ही कुठून असणार? डहाणू, शहापूर, उंबरगाव, मोखाडा हा भाग 'अंशतः वगळलेला' म्हणून गव्हर्नरच्या हाताखाली ठेवला होता. जव्हार तर संस्थानच होतं, तिथं राजाचं राज्य.

त्याच सुमाराला सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला सरकारनं आदिवासींची परिस्थिती बघायला पाठवलं. वेठ कशी घेतात, सावकार नि जमीनदार माणसाला कसं बांधून ठेवतात, हे त्यानं सरकारच्याच कागदावर लिहून दिलं. अहवाल झाला, वेठ चालूच राहिली. ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारला माहीत नव्हतं म्हणून आपलं नुकसान झालं, असं कधीच नव्हतं.

वेठ मोडली ती १९४५ साली. २३ मे ला झरीला परिषद झाली, हजारो वारली गोळा झाले, शामराव आणि गोदूताई परुळेकर किसान सभेचा झेंडा घेऊन आले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये घेतल्याशिवाय विळा उचलायचा नाही. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांच्यासोबतचे आपले माणूस गेले. तेव्हा आपला एकही आमदार नव्हता, खासदार नव्हता. मत नव्हतं. तरी वेठ गेली.

मग कुणी विचारेल, तर मताची गरजच काय? तिथंच आपण पुढं जातोय.

एका मतदारसंघात दोन खासदार

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक मोठ्या माणसाला मत मिळालं. १९४८ साली जव्हार संस्थान ठाणे जिल्ह्यात आलं, तिथल्या लोकांनाही मत मिळालं. १९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा ठाणे हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. तरुण साथींना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. एकच मोठा भाग, त्यातून दोन माणसं निवडायची, एक जागा सर्वांसाठी खुली आणि एक आदिवासींसाठी राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही मतं एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत.

१९५२ ला खुल्या जागेवर गोविंद धर्माजी वर्तक आणि राखीव जागेवर अनंत सावळाराम नांदकर, दोघेही काँग्रेसचे, निवडून गेले. १९५७ ला वारं फिरलं. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, आणि झरीपासूनचं काम होतं. खुल्या जागेवर शामराव परुळेकर आले, राखीव जागेवर लक्ष्मण महादू मातेरा. बारा वर्षांपूर्वी ज्यांना सरकार या भागात पाय ठेवू देत नव्हतं, ते लोकसभेत बसले. मत म्हंजे काय, ते तेव्हा दिसलं.

ही दोन जागांची पद्धत १९६१ च्या कायद्यानं बंद झाली. का बंद झाली, तेही ऐका. आंध्रातल्या पार्वतीपुरमला १९५७ साली व्ही. व्ही. गिरी उभे होते, पुढं राष्ट्रपती झाले तेच. तिथं दोन्ही आदिवासी उमेदवारांना जास्त मतं पडली. एक राखीव जागेवर आला, दुसरा खुल्या जागेवर, आणि गिरी पडले. गिरी सुप्रीम कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, आदिवासी माणूस खुल्या जागेवरही निवडून येऊ शकतो, यात काही चूक नाही. दोन वर्षांत दोन जागांचे मतदारसंघ मोडून एकेक जागेचे केले. म्हंजे आदिवासी राखीव कुंपणाच्या बाहेर निवडून आला, आणि मग कुंपण वेगळं करून टाकलं.

१९६२ ला ठाणे वेगळं आणि भिवंडी राखीव झालं. भिवंडीतून जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे काँग्रेसकडून गेले. १९६७ ला नवी आखणी झाली आणि राखीव जागा डहाणू नावानं आली. इथून आपल्या मतदारसंघाचा हिशेब सुरू.

अकरा निवडणुका, सहा माणसं

फळ्यावर लिहून घ्या.

१९६७ — यशवंतराव मार्तंडराव मुकणे, काँग्रेस.
१९७१ — लक्ष्मण काकड्या दुमाडा, काँग्रेस.
१९७७ — लहानू शिडवा कोम, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष.
१९८०, १९८४, १९८९, १९९१ — दामोदर बारकू शिंगडा, काँग्रेस.
१९९६ — चिंतामण वनगा, भाजप.
१९९८ — शंकर नम, काँग्रेस.
१९९९ — पुन्हा चिंतामण वनगा.
२००४ — पुन्हा दामोदर शिंगडा.

अकरा निवडणुका झाल्या. आठ वेळा काँग्रेस, दोनदा भाजप, एकदा लाल बावटा. माणसं मोजली तर सहाच, त्यातल्या एकानं पाच वेळा जागा घेतली. बाई एकही नाही. रोपणी बाया करतात, सरपण बाया आणतात, फॉरेस्टवाल्याच्या शिव्या बाया खातात. एकेचाळीस वर्षांत त्यांच्यातली एकही दिल्लीला गेली नाही.

सुरुवात राजापासून झाली, हेही बघा. ज्या जव्हारमध्ये लोक राजाला मुजरा करत, तिथले राजे लोकांकडं मत मागायला आले. महादेव कोळी समाजाचे म्हणून राखीव जागेवर उभे राहिले. ते बरं की वाईट, त्याचा निकाल आज लावत नाही. एवढंच ध्यानात घ्या की राखीव जागा म्हंजे जमातीचा माणूस. गरीबच येईल, कसणाराच येईल, असं तिच्यात कुठंही लिहिलेलं नाही. वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी, कोकणा, ठाकूर, कातकरी, दुबळा, धोडिया, एवढ्या सगळ्यांची मिळून ती एक जागा. कातकऱ्याच्या झोपडीपासून ती किती लांब आहे ते कातकऱ्यालाच विचारा.

१९७७ ची निवडणूक वेगळी. आणीबाणी उठली होती. सबंध महाराष्ट्रातून मार्क्सवादी पक्षाचे तीन खासदार गेले: मुंबईतून अहिल्या रांगणेकर, बीडमधून गंगाधर अप्पा बुरांडे, आणि डहाणूतून लहानू कोम. परुळेकरांच्या चळवळीत वाढलेला आदिवासी माणूस थेट लोकसभेत गेला. दोन-अडीच वर्षांत ती लोकसभाच बरखास्त झाली.

आता दुसरी यादी, जमिनीची

खासदारांच्या यादीशेजारी जमिनीची यादी लिहा.

१ एप्रिल १९५७, कूळकायद्याचा कृषकदिन. कसेल तो मालक. ज्या आदिवासीचं नाव कूळ म्हणून पाहणीपत्रकात लागलं होतं त्याला जमीन लागली. ज्याचं नाव तलाठ्यानं लावलंच नाही तो कसत राहिला आणि मालक दुसराच राहिला.

१९७४-७५. बिगरआदिवासींनी घेतलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधले व्यवहार त्यात धरले. महसूल कायद्यात ३६-अ कलम आलं. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देता येत नाही ते याच कलमामुळं.

त्याच १९७५ च्या ३० ऑगस्टला खाजगी वनांचा कायदा लागू झाला. खाजगी जंगल म्हणून नोंद असलेली जमीन सरकारची झाली. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकवलेली आपली जमीनही सापडली. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं, आणि दोन्ही वर्षभराच्या आत.

१९७८ च्या अखेरीला राज्य सरकारनं ठराव काढला, की ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायची. लोकांनी अर्ज केले, पाहणी झाली. तेवढ्यात २५ ऑक्टोबर १९८० आला. केंद्रानं वनसंरक्षणाचा कायदा आणला. दिल्लीच्या परवानगीशिवाय राज्याला वनजमीन दुसऱ्या कशाला देता येईना. फायली अडकल्या. आपल्यातल्या कितीकांच्या घरात त्या वेळच्या दंडाच्या पावत्या अजून पत्र्याच्या पेटीत आहेत.

हे असं कसं झालं? जमीन हा राज्याचा विषय. जंगलही आधी राज्याचंच होतं. आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली, तिनं जंगल हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत टाकला. तेव्हापासून आमदारानं दिलेलं खासदाराच्या सभागृहात अडू शकतं. म्हणून आपण म्हणतो, लोकसभेचं मत हे जंगलाचं मत आहे. रस्ता, नळ, समाजमंदिर मागायला ग्रामपंचायत आहे, जिल्हा परिषद आहे. खासदाराकडं बोअरवेल मागून आपण त्याला स्वस्तात सोडतो.

१९९२. जव्हारकडच्या वावर-वांगणीत पोरं भुकेनं गेली. सबंध देशात बातमी झाली. तेव्हाही मतदारसंघ राखीव होता. खासदार आपल्या जमातीचा होता, आमदार आपल्या जमातीचा होता.

१९९६. पेसा कायदा झाला. अनुसूचित भागात ग्रामसभेला मान मिळाला. कायद्यात लिहिलं की पाडाही गाव असू शकतो.

३ मे २००२. दिल्लीच्या वनखात्याचं पत्र सुटलं: ३० सप्टेंबरपर्यंत अतिक्रमणं काढा. देशभर आदिवासींच्या झोपड्या मोडल्या, उभ्या पिकात जनावरं सोडली, हत्ती लावले. त्याविरुद्ध देशभरचे आदिवासी उठले, मोर्चे झाले, दिल्लीत धरणं झाली. त्यातून वनहक्काचा कायदा आला.

आणि इथं एक गोष्ट नीट ऐका. २००५ साली सरकारनं जे विधेयक मांडलं त्यात तारीख होती २५ ऑक्टोबर १९८० आणि जमीन जास्तीत जास्त अडीच हेक्टर. १९८० नंतर कसायला लागलेला बाहेर. विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडं गेलं. बाहेर लोकांचा रेटा होता, आत काही खासदारांनी तो धरला. शेवटी तारीख झाली १३ डिसेंबर २००५, मर्यादा झाली चार हेक्टर. १५ डिसेंबर २००६ ला लोकसभेत कायदा मंजूर झाला. पंचवीस वर्षं पुढं सरकली ती एक ओळ. तुमच्यापैकी कितीजणांचा प्लॉट त्या एका ओळीत वाचला, हात वर करा. बघा.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. खासदार कोण होता त्यावर कायदा आला की गेला, असं दिसत नाही. लोक उठले तेव्हा मिळालं, लोक बसले तेव्हा गेलं. पण उठलेल्या लोकांचं म्हणणं कायद्याच्या ओळीत उतरवायला आत कुणीतरी लागतं. झरीला मत नसताना वेठ मोडली, हे खरं. पण १३ डिसेंबर २००५ ही तारीख मोर्चात लिहिली गेली नाही, ती सभागृहात लिहिली गेली. दोन्ही पाय लागतात. एका पायानं डोंगर चढत नाही.

राखीव जागेची दोरी कुणाच्या हातात

राखीव जागेवर उमेदवार आपला, पण तिकीट पक्षाचं, आणि मत सगळ्यांचं. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तेव्हापासून पक्षाचा व्हिप मोडला तर खासदारकी जाते. म्हणून आपला माणूस आत गेला तरी तो पक्षाच्या बाकावर बसतो. याचा अर्थ राखीव जागा नको, असा मुळीच नाही. ती नसती तर आपल्यातला एकही गेला नसता. आणि घटनेत या जागांना ठरावीक मुदतच दिलेली आहे. ती वाढवायची की नाही, याचं उत्तर प्रत्येक उमेदवाराकडून घ्या. जागा टिकली पाहिजे, आणि जागेवरचा माणूस आपल्याला जबाबदार राहिला पाहिजे. दोन्ही म्हणा.

नव्या रचनेत महाराष्ट्रात आदिवासींच्या लोकसभेच्या जागा चारच राहिल्या, आधीही चारच होत्या. आधी डहाणू, मालेगाव, धुळे, नंदुरबार. आता पालघर, दिंडोरी, नंदुरबार, गडचिरोली-चिमूर. पालघरमध्ये सहा विधानसभा: डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा, वसई. पहिल्या चार राखीव, शेवटच्या दोन खुल्या. जव्हार आणि वाडा ही विधानसभेची नावं गेली. शहापूर भिवंडी लोकसभेत गेलं. म्हंजे एका दिवसाच्या वाटेवरचे आपले नातेवाईक आता दुसऱ्या खासदाराचे मतदार. आणि आपल्या राखीव जागेचा निकाल ठरवताना वसई-नालासोपाऱ्याच्या चाळी-बिल्डिंगांतली मतंही मोजली जाणार. ती माणसंही कष्टाची आहेत, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. त्यांना पाणी पाहिजे, लोकल पाहिजे. उमेदवार तिथं पाण्याचं बोलेल. जंगलाचं बोलायला त्याला कोण लावणार? आपणच. तेही एकगठ्ठा असलो तर.

मग करायचं काय

मत कुणाला द्यायचं ते हे शिबिर सांगणार नाही. पण दारात येईल त्याला चार गोष्टी विचारायच्या, आणि उत्तर पाड्यावर सगळ्यांसमोर घ्यायचं, घरात बसून चहावर नाही.

एक. वनहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणं दाव्यावर पहिला शब्द ग्रामसभेचा. फॉरेस्टनं पुरावा नाकारला तर तुम्ही कुणाच्या बाजूनं उभं राहणार?

दोन. ३६-अ कलम सैल करायची गोष्ट निघाली तर?

तीन. धरण, बंदर, कारखाना यासाठी अनुसूचित भागातली जमीन मागितली तर आधी ग्रामसभेला विचारणार का?

चार. निवडून आल्यावर वर्षातून एकदा या पाड्यावर येऊन हिशेब देणार का?

उत्तरं वहीत लिहून ठेवा, तारीख घाला, पंचांची सही-अंगठा घ्या. पाच वर्षांनी तीच वही काढायची.

आणि निवडणुकीची वाट न बघता आपलं काम चालू ठेवायचं. ग्रामसभा पाड्याची भरवा, ग्रामपंचायतीच्या हॉलात चार गावं कोंबून नाही. नियमात कोरम निम्म्या माणसांचा आहे, तेवढी माणसं नसली तर ठराव फिरवतील. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची, तिच्यात एक-तृतीयांश बाया पाहिजेतच. नाव लावून घरी बसवलेल्या नाहीत, शिवारात फिरून मोजणी बघणाऱ्या. पुरावे दोन लागतात. दंडाची पावती असेल तर उत्तम. नसेल तर घर, बांध, विहीर, जुनं आंब्याचं झाड, पूर्वजांची समाधी, आणि म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, हे सगळं नियमात बसतं. जबाब घ्यायला उशीर करू नका. म्हातारी माणसं कायद्यासाठी थांबत नाहीत. दावा दिला की पोच घ्या. पोच नाही तर दावा नाही.

डहाणू मतदारसंघ एकेचाळीस वर्षं होता. त्याची हद्द आपण आखली नव्हती आणि पुसायलाही आपल्याला कुणी विचारलं नाही. पण प्लॉटची हद्द आपल्या आजोबांनी बांध घालून आखली आहे. ती कागदावर आणायचं काम या पावसाळ्याच्या आधी पुरं करायचं. दुपारी जेवणानंतर पाड्यावार गट बसतील, प्रत्येक गटानं आपल्या पाड्यावर किती दावे भरले, किती पोच मिळाल्या, किती जबाब राहिले, एवढं लिहून आणायचं.

जिंदाबाद.